पट्टी कोण हलवतं

मशीनची पट्टी कुणीतरी हलवतंय, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी आधी मशीनवरच आळ घेतला. माणसांवर आळ घ्यायला त्यांना पुढे भरपूर वेळ मिळाला.

त्यांचा सुतारकामाचा कारखाना म्हणजे रस्त्याच्या बाजूला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. मागे छोटं अंगण, अंगणापलीकडे राहतं घर. खोलीच्या मधोमध लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं करवतीचं गोल पातं. पात्याच्या बाजूने टेबलाच्या खाचेतून पुढे-मागे सरकणारा एक पाट होता आणि पाटावर आडवी पट्टी. फळी त्या पट्टीला टेकवायची, पाट पुढे ढकलायचा, की फळी आडवी कापली जायची. पट्टी पात्याशी काटकोनात असली तर काप सरळ. केसभर तिरकी असली तर काप केसभर तिरका, आणि चार तिरक्या कापांचं कपाट केलं की ते कपाट साऱ्या गावाला दात दाखवत उभं राहायचं.

म्हणून मिस्त्री रोज सकाळी कुलूप काढलं की पंखा नाही, दिवा नाही, आधी भिंतीवरचा गुण्या काढायचे. लाकडी दांड्यात पोलादाची पाती काटकोनात बसवलेला गुण्या. दांडा पाटावरच्या पट्टीला लावायचा, पोलाद पात्याला भिडवायचं आणि डोकं खाली घालून फटीतून बघायचं. उजेड दिसला नाही की गुण्या परत खिळ्याला.

एका सकाळी उजेड दिसला.

थोडासाच. पात्याच्या टोकाशी, नखाच्या कडेएवढा. मिस्त्रींनी बोल्ट सैल केला, पट्टीला लाकडी हातोडीने हलकं टिचकावलं, उजेड बुजला, बोल्ट आवळला. मशीन आहे, हलायचीच, असं म्हणून कामाला लागले. दुसऱ्या सकाळी पुन्हा उजेड. तिसऱ्याही.

मग त्यांनी मशीनची झडती घेतली. पट्टा काढून बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं, कुठे खडखड नाही. पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली, तो दात पुढे आणून टेबलाच्या खाचेपासून माप घेतलं, तोच दात मागे नेऊन पुन्हा घेतलं. दोन्ही मापं सारखी, म्हणजे पातं खाचेला समांतर. पाट खाचेत डुगडुगत नव्हता. पट्टी एका टोकाला खिळ्यावर फिरायची आणि दुसऱ्या टोकाला बोल्टने आवळायची, त्या बोल्टचे आटे त्यांनी बोटाने तपासले. एकही झिजलेला नव्हता.

मशीन निर्दोष सुटली. म्हणजे आता हात शोधायचा.

कारखान्यात वावरणारी माणसं किती, तर घरचीच. बायको यायची ती भुसा भरून न्यायला, आणि मशीनला तर ती अशी वळसा घालून जायची की जणू ती चावेल. लेक मागच्या कोपऱ्यात पॉलिश करायची. तिचे हात सदा चिकट, तिने बोल्टला हात लावला असता तर बोल्टनेच चुगली केली असती. उरला जावई.

जावई चार गावांत नावाजलेला कारागीर. लग्नानंतर स्वतःची हत्यारं घेऊन तो इथेच कामाला आला, कारण मिस्त्रींना मुलगा नव्हता आणि त्याला स्वतःचं दुकान नव्हतं. वाईट सवय एकही नाही, आणि मिस्त्रींना आता तेच खटकायला लागलं होतं. बोलणं तर इतकं कमी, की त्याच्या तोंडातून शब्द काढायला पकड लागावी. काही विचारलं की "बरं, मामा." काही सुनावलं तरी "बरं, मामा." मिस्त्रीही त्याला अहो-जाहो करायचे. जावई म्हटल्यावर करावंच लागतं. त्यामुळे दिवसभर एकाच मशीनवर राबणारे हे दोघं एकमेकांशी असे बोलायचे, की जणू कुणाच्या तरी लग्नात शेजारी बसलेत.

"जावईबापू," मिस्त्रींनी एकदा सहज विचारावं तसं विचारलं, "पट्टीला हात लावला होतात का काल?"

जावई फळीवर खूण करत होता. पेन्सिल थांबली. अगदी एवढीशी थांबली.

"नाही, मामा."

त्या थांबलेल्या पेन्सिलीने मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कपाट परत पाठवलं. बाई स्वतः आल्या होत्या. एक दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं आणि दुसऱ्याच्या खालून करंगळी जात होती.

"मिस्त्री, तुमचं काम म्हणून मी मोजूनसुद्धा घेतलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "बाकीची कपाटं करायची आहेत अजून. ती अशीच येणार असतील तर आत्ताच सांगा. समोर वखारवाल्याकडे विचारते."

समोरचा वखारवाला आपल्या दारात उभा राहून दात कोरत हे सगळं ऐकत होता. त्याने वखारीच्या एका भागात नव्या मशिनी बसवल्या होत्या आणि त्या चालवायला त्याला चांगला माणूस हवा होता. चांगला माणूस कुठे आहे, हे त्याला रस्ता ओलांडूनसुद्धा दिसत होतं.

मिस्त्रींनी कपाट खोललं. फळ्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. अर्ध्या एका काटकोनातल्या, अर्ध्या दुसऱ्याच. एकाच मशीनवर कापलेल्या फळ्या, पण दोन वेगळ्या घरच्या वाटाव्यात अशा. म्हणजे पट्टी रोज हलवली जात होती, आणि तीही काम चालू असताना. आता त्यांना खात्रीच पटली. कामं बिघडवायची, गिऱ्हाईक समोर पाठवायचं, मग आपणही समोर जायचं. किंवा त्याहून वाईट म्हणजे म्हाताऱ्याला लायकी उरली नाही म्हणून बाजूला सारायचं आणि मशीन घशात घालायची.

त्या संध्याकाळी अंगणातल्या नळावर पाय धुताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलणं कानावर आलं.

"त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील," बायको म्हणत होती.

"म्हणून तर एकदम नको ना, आई. हळूहळू मशीन बाबांच्या हातातून काढून घ्यायची," हा लेकीचा आवाज. "हे म्हणतात, तोवर आपण निभावून नेऊ."

मिस्त्रींनी नळ बंद केला. नळ बंद झाल्याबरोबर आतलं बोलणंही बंद झालं.

"चहा टाकू का हो?" बायकोने आतून विचारलं. आवाज इतका गोड की चहात साखर घालायची गरज नव्हती.

"टाक," मिस्त्री म्हणाले. आणि मनात म्हणाले, तूसुद्धा?

चहा देताना ती म्हणाली, "एकदा डोळे तपासून घ्या ना. दवाखान्यात ओळख आहे पोरीची."

"माझे डोळे? तुझ्या सुईत दोरा कोण ओवून देतं?"

"तुम्हीच देता. पण हल्ली वेळ लागतो."

"सुईचं भोक बारीक झालंय," मिस्त्री म्हणाले आणि कप खाली ठेवला.

रात्री त्यांना झोप लागली ती तुकड्यातुकड्यांची. जावयाला हाकलायचं म्हणजे फक्त जावयाला हाकलायचं नव्हतं. त्याच्या मागोमाग लेक जाणार. पॉलिशचा कोपरा रिकामा होणार, जेवायला दोनच पानं मांडली जाणार, आणि बायको त्या दोन पानांवरून आयुष्यभर काही न बोलता बोलत राहणार. पण करवतीवर खोटा हात चालवून घ्यायचा कसा? करवतीवर ज्याचा भरवसा नाही त्याच्याशेजारी उभं राहता येत नाही, मग तो पोटचा असो नाहीतर लेकीचा नवरा. तेव्हा पुरावा गाठायचा, आणि रविवारी सगळ्यांसमोर ठेवून बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी पट्टी लावून झाल्यावर त्यांनी पेन्सिलीला चाकूने असं टोक काढलं की सुईने लाजावं. पट्टीच्या मागच्या कडेला टेकवून पाटावर एक बारीक रेघ मारली. माहीत असल्याशिवाय दिसू नये इतकी बारीक. दुसऱ्या दिवशी कुलूप काढून पाहिलं, तर रेघ आणि पट्टी यांच्यात बोल्टच्या टोकाशी फट पडलेली. कागदाची एक घडी जाईल एवढी.

कधी हलवतो, हेही त्यांनी हेरलं. सकाळी कापलेल्या फळ्या त्यांच्या गुण्याला बरोबर लागायच्या, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या बिघडलेल्या. जेवून मिस्त्री घरी जरा आडवे व्हायचे. जावई मात्र घाईघाईने दोन घास खाऊन लवकर उठायचा. "काम आहे, मामा," म्हणायचा. केवढा तो कामसू!

मग एके दिवशी मिस्त्री जावयाच्याही आधी जेवून उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

"न्हाव्याकडे जाऊन येतो."

"डोक्यावर काय उरलंय आता?" बायको म्हणाली.

"जे उरलंय त्यालाच वळण लावायचंय."

ते पुढच्या दाराने बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला आणि रस्त्याच्या बाजूने कारखान्यात शिरले. भिंतीला टेकून प्लायवूडच्या मोठ्या फळ्या उभ्या होत्या, त्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत जाऊन उभे राहिले. सांदीत धूळ होती, कोळ्याची जाळी होती, आणि गुडघे तक्रार करत होते. आपल्याच कारखान्यात चोरासारखं उभं राहायची वेळ आली, या विचाराने त्यांचा राग आणखी पिकला.

जावई अंगणाच्या दाराने आला. हात पुसले. रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेला आपला गुण्या काढला, सगळा पोलादी, चकचकीत. पाना घेतला, बोल्ट सैल केला, पट्टी टिचकावली आणि वाकून फटीतून पाहायला लागला. अगदी मिस्त्री पाहतात तसंच.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सावकाश होऊ दे. ते न्हाव्याकडे गेलेत, वेळ आहे."

ती बायको होती. दाराशी उभी राहून अंगणावर नजर ठेवत होती. पहाऱ्यावर!

मिस्त्रींनी ठरवलं होतं की शांतपणे बाहेर यायचं, दोन शब्द बोलायचे. पण नाकात भुसा गेला, आणि त्यांच्या आधी त्यांची शिंक बाहेर आली. पाठोपाठ प्लायवूडची एक फळी धाडकन आडवी झाली आणि जाळ्याने माखलेले मिस्त्री प्रकट झाले.

"अगं बाई!" बायको किंचाळली.

"न्हावी सुट्टीवर आहे," मिस्त्री म्हणाले. "काय चाललंय जावईबापू? पट्टीला हात लावत नाही ना तुम्ही?"

जावयाच्या हातात पाना तसाच राहिला. आरडाओरडा ऐकून लेक अंगणातून धावत आली, हातात पॉलिशचं फडकं.

"बाबा, तुम्ही समजता तसं नाहीये..."

"मी काय समजतो ते अजून मी बोललोच नाही. हा रोज माझी पट्टी बिघडवतो. माझी कपाटं परत येतात. समोरचा दात कोरत हसतो. आणि माझी बायको पहारा देते. आता यात समजायचं काय राहिलं तेवढं सांग."

"बिघडवत नाही, मामा," जावई म्हणाला. "सरळ करतो."

"काय?"

"तुम्ही सकाळी लावता ती पट्टी... तिरकी असते. रोज. पहिल्या दिवशी वाटलं चुकून झालं असेल. मग रोजच. मला वाटलं, तुमचे डोळे..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"माझे डोळे?"

"तुम्हाला तोंडावर कसं सांगणार? तुम्ही सगळं आयुष्य या मशीनवर घालवलेलं. म्हटलं, तुम्ही गेलात की गुपचूप सरळ करावी. तुम्हाला काही फरक दिसणार नाही..."

"फरक दिसणार नाही!" मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं आणि पाटाकडे ओढलं. "ही रेघ दिसते का तुम्हाला? नाही ना दिसत? ही मी मारलीय. रोज सकाळी मला उजेड दिसतो, नखाएवढा, म्हणून मी पट्टी परत लावतो. आंधळ्याला उजेड दिसतो का?"

जावई रेघेकडे डोळे बारीक करून बघत राहिला. लेकीनेही वाकून पाहिलं.

"रेघ खरंच आहे, आई," ती म्हणाली.

"मग यांना दिसतंय," बायको म्हणाली. तिला आनंद व्हावा की भीती वाटावी ते कळेना. "मग वाकडं कुणाचं?"

मिस्त्रींनी खिळ्यावरचा गुण्या काढून पट्टीला लावला. जावयाने नुकती लावलेली पट्टी, त्यात ठळक उजेड. जावयाने आपला गुण्या लावला. उजेड नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही तोंडावर एकच भाव होता की बघा, मी सांगत नव्हतो?

"दोन गुण्यांतला एक खोटा आहे," लेक म्हणाली.

"एक म्हणजे हा," मिस्त्रींनी चकचकीत गुण्याकडे बोट केलं. "आण ती प्लायवूडची फळी. आत्ता दाखवतो."

गुण्या खरा की खोटा हे ओळखायची रीत प्रत्येक सुताराला ठाऊक असते. सरळ कडेची रुंद फळी घ्यायची, गुण्या कडेला लावून रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ. दोन्ही एकीवर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाटल्या तर खोटा, आणि जेवढा खोटा त्याच्या दुप्पट फाटलेल्या दिसतात, म्हणून लपवता येत नाही. दुकानातून नवा गुण्या आणला की मिस्त्री दुकानदारासमोरच ही परीक्षा घ्यायचे, आणि दुकानदार त्यांना लांबून येताना पाहून उसासा सोडायचा. पण घरच्या गुण्याची परीक्षा घ्यायची, हे त्यांना इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. मशीनवर संशय घेऊन झाला, जावयावर, बायकोवर, लेकीवर घेऊन झाला. गुण्यावर तेवढा घेतला नव्हता.

त्यांनी आधी जावयाचा गुण्या लावला. रेघ मारली, उलटा केला, दुसरी रेघ मारली. दुसरी रेघ पहिलीत अशी विरघळली की आहे की नाही कळेना. मिस्त्रींनी पेन्सिलीला दोष दिला, नवं टोक काढलं, शेजारी पुन्हा मारली. तेच.

मग आपला. एक रेघ. उलटा केला. दुसरी रेघ.

खाली दोन्ही एकत्र निघाल्या, आणि वर जाताना हळूहळू एकमेकींपासून दूर झाल्या.

मिस्त्रींनी फळी उजेडाकडे फिरवली, जणू उजेडाची दिशा बदलली की रेघा जवळ येतील. दांड्यात पोलाद जिथे बसवलं होतं तिथे त्यांनी अंगठा दाबला. पोलाद किंचित हललं. खिळ्यावरून कधीतरी पडला असणार. कधी पडला? कुणी पाडला? त्यांनी मान वर केली आणि तिघांकडे एकेक करून पाहिलं. बायको छपराकडे बघू लागली, लेक फडक्याची घडी घालू लागली.

"मी नाही," जावई म्हणाला. आणि मग त्याचा आवाज बदलला. "म्हणजे अजूनही तुम्हाला माझाच संशय आहे."

"मी कुठे काही म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? तुम्ही भिंतीच्या सांदीत उभे राहिलात, मामा. माझ्यावर पाळत ठेवायला. मी तुमची लाज राखत होतो."

"माझी लाज! लाज राखली म्हणून तर कपाट परत आलं! सकाळी माझ्या गुण्याने कापायचं, दुपारी तुमच्या गुण्याने, आणि दोन्ही एका कपाटात जोडायचं. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतंत, तर त्याच दिवशी गुण्या सापडला असता."

"आणि तुम्ही ऐकलं असतंत?"

उत्तर चौघांनाही माहीत होतं.

जावयाने आपला गुण्या फडक्यात गुंडाळला. "वखारवाल्याने मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आता विचार करतो." आणि तो अंगणाच्या दाराने निघून गेला. लेकीने बापाकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मिस्त्रींना रात्रीच्या सगळ्या विचारांपेक्षा जड गेलं. तिने फडकं टेबलावर टाकलं आणि तीही गेली.

हाकलायचं असं ठरवून ते सांदीत उभे राहिले होते. आता माणूस न हाकलताच निघाला होता.

"जा त्याच्यामागे," बायको म्हणाली.

"मी सासरा आहे त्याचा."

"मग बसा सासरा होऊन," ती म्हणाली आणि भुशाची पाटी उचलून चालती झाली.

मिस्त्री थोडा वेळ सासरा होऊन बसले. त्यात काही मजा नव्हती. कारखाना एवढा शांत त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मशीनपाशी जाऊन पट्टीला हात लावला, तर ती बोटाबरोबर हलली. मग ते अंगणात आले.

जावई नळावर हात धूत होता. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी धूत होता.

"तुम्ही पट्टी सैल ठेवून आलात," मिस्त्री म्हणाले. "बोल्ट आवळलाच नाही."

जावयाने मागे पाहिलं नाही. "तुम्ही आवळा."

"कशाने लावून आवळू? माझा गुण्या कामातून गेला. तुमचा तुम्ही बांधून घेऊन आलात."

पाणी वाहत राहिलं.

"सैल पट्टी ठेवून कारागीर घरी जात नसतो," मिस्त्री म्हणाले. आणि मग, नळाकडे बघत, "आणि सांदीत लपून सासरा उभा राहत नसतो. तेही खरं."

जावयाने नळ बंद केला.

"घरात तुम्ही जावई," मिस्त्री म्हणाले. "पाहिजे तेवढं अहो-जाहो करू, गरम पोळी आधी तुमच्या ताटात वाढू. पण त्या खोलीत आपण दोघं सुतार. तिथे माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. सांगाल?"

"तुम्ही ऐकाल?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "पण सांगा."

जावई हसला. मिस्त्रींनी त्याला हसताना क्वचितच पाहिलं होतं, आणि त्यांना क्षणभर वाटलं, हा आपल्याला हसतोय की काय. मग त्यांनी तो विचार तिथेच टाकून दिला. फार दिवसांनी त्यांना एक संशय टाकून देता आला होता.

दोघं परत कारखान्यात गेले. जावयाच्या गुण्याने पट्टी लावली. मिस्त्री म्हणाले, एवढ्यावर माझा विश्वास नाही, आणि त्यांनी एक रुंद फळी कापून घेतली. दोन तुकड्यांतला एक उलटा केला आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवून दोन्ही तुकडे टेबलावर सरळ लोखंडी कांबीला टेकवले. पट्टी तिरकी असती तर मधे पाचरीसारखी फट पडली असती. दोघांनी दोन बाजूंनी डोळा लावला. फट नव्हती.

"पुन्हा एकदा," मिस्त्री म्हणाले.

"नाही," जावई म्हणाला. "बरोबर आहे ते. फळी वाया घालवू नका."

मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिले. मग कापलेले तुकडे त्यांनी निमूट बाजूला ठेवले.

डॉक्टरीणबाईंची सगळी दारं त्यांनी नव्याने कापली. ती जागेवर बसवून आले तेव्हा बाईंनी प्रत्येक दार उघडून मिटून पाहिलं, खालून करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली नाही. बाकीच्या कपाटांचं काय, हे मग त्यांनीच विचारलं.

काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, कारखान्यातून असा आरडाओरडा ऐकू येऊ लागला की रस्त्यावरची माणसं थांबली. "तुमचं माप चुकलंय, मामा!" "माझं माप? तुमच्या टेपचं टोक ढिलं झालंय, जावईबापू, टोक!" "टोक हलतं ते मुद्दाम हलतं, आतलं-बाहेरचं माप सारखं यावं म्हणून!" "मग मला आजवर कुणी का नाही सांगितलं?" "सांगतोय ना आता!"

वखारवाला मोठ्या आशेने रस्ता ओलांडून आला. मिस्त्रींची बायको दारात भुसा भरत होती.

"काय हो वहिनी, फार बिनसलंय वाटतं दोघांचं?"

"सकाळपासून चाललंय," ती म्हणाली. "जेवणं गार झाली."

"मग तुमचे जावई," वखारवाल्याने आवाज खाली आणला, "आता आमच्याकडे यायचा विचार करतील, नाही का?"

तिने भुशाची पाटी कमरेवर घेतली.

"तुमच्याकडे कशाला?" ती म्हणाली. "तिथे भांडायला कोण आहे?"